खाचर, वेळू आणि गणिताची वही

नसरापूर मागे टाकून वेल्ह्याकडे निघालेल्या रस्त्यावर मार्गासनी लागते आणि तिथूनच साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याकडे, जाणारी वाट फुटते. या मुलखात डोंगराच्या अंगाने टप्प्याटप्प्यांनी उतरलेली जी भातखाचरे दिसतात, त्यांत चारही कोपरे काटकोनात असलेले खाचर शोधूनच काढावे लागेल; एकाची कड ओढ्याने खाल्लेली असते, दुसऱ्याचा बांध उताराप्रमाणे वळलेला असतो, तिसऱ्याचा एखादा कोपरा खडकाने आत लोटलेला असतो. अशा भूमीत वाढणाऱ्या मुलामुलींना भूमिती हा परका विषय वाटावा आणि बीजगणित म्हणजे अक्षरांची निरर्थक उलाढाल वाटावी, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते. कारण ज्या दप्तरावर त्यांच्या घरची सारी मालमत्ता उभी आहे, त्या दप्तरातील गटाचा नकाशा, सातबाऱ्यावरील क्षेत्राचा आकडा आणि भावाभावांत झालेली वाटणी या सर्वांच्या मुळाशी हीच दोन शास्त्रे आहेत.

आठवी ते दहावीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना, आणि दिवेलागणीनंतर त्यांच्या वहीत डोकावणाऱ्या आईबापांनाही, उपयोगी पडेल असे काही सांगावे, या हेतूने मी हा लेख लिहीत आहे. सांगायचे ते थोडक्यात असे, की उदाहरणाची प्रत्येक ओळ हे एक स्वतंत्र विधान असते आणि प्रत्येक विधानाला आधार लागतो. फेरफाराची नोंद जशी दस्तऐवजाखेरीज मंजूर होत नाही, तशी वहीतली ओळही ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर जवळ असल्याखेरीज मंजूर करू नये. ज्याला गणित येत नाही असे आपण म्हणतो, त्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहिली तर बहुधा असे आढळते, की त्याला बेरीज-वजाबाकी उत्तम येते, सूत्रेही पाठ असतात. परंतु दोन ओळींच्या मध्ये काय घडले, हे त्याने स्वतःला कधी विचारलेलेच नसते.

प्रथम शाब्दिक उदाहरण घेऊ, कारण बीजगणिताची खरी परीक्षा तेथेच होते. एका शेतकऱ्याच्या भाताच्या पोत्यांपैकी एक तृतीयांश पोती भावाच्या वाट्याला गेली, उरलेल्यांपैकी निम्मी त्याने विकली, दोन पोती बियाण्यासाठी दिली, आणि अखेरीस त्याच्याजवळ आठ पोती राहिली. तर मुळात पोती किती होती? हे वाचताच हातात पेन्सिल घेण्याची घाई करू नये. एकदा नुसते वाचावे, दुसऱ्यांदा काय विचारले आहे ते पाहावे, तिसऱ्यांदा काय दिले आहे ते पाहावे, आणि मगच पहिली ओळ लिहावी. ती ओळ ‘क्ष = पोती’ अशी कधीही लिहू नये. पोती ही वस्तू आहे आणि क्ष ही संख्या आहे. म्हणून ‘मुळातील पोत्यांची संख्या क्ष मानू’ असे संपूर्ण वाक्य लिहावे. पुढच्या साऱ्या ओळी या एका वाक्यावर अवलंबून असल्यामुळे ते लिहिण्यात गेलेले अर्धे मिनिट वाया जात नाही.

आता कथेच्या क्रमानेच चालावे. भावाला क्ष/३ पोती गेली. म्हणून उरली क्ष − क्ष/३, म्हणजे २क्ष/३. त्यांपैकी निम्मी विकली, म्हणजे क्ष/३ विकली आणि क्ष/३ उरली. बियाण्याची दोन वजा केली की शेवटची शिल्लक मिळते, आणि ती आठ आहे असे दिलेलेच आहे. म्हणून,

क्ष/३ − २ = ८

दोन्ही बाजूंत २ मिळवून,
क्ष/३ = १०

दोन्ही बाजूंना ३ ने गुणून,
क्ष = ३०

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे पुष्कळांना पाठ असते, आणि ते खोटे नाही. परंतु नवशिक्याने काही महिने तरी ‘दोन्ही बाजूंत मिळवून’, ‘दोन्ही बाजूंना गुणून’ असेच शब्द लिहावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. समान संख्यांत समान संख्या मिळवली तर बेरजा समानच राहतात, हा त्या ओळीचा खरा आधार आहे; चिन्ह बदलणे हा केवळ त्याचा बाहेरून दिसणारा परिणाम होय. ज्याने आधार सोडून नुसता परिणाम लक्षात ठेवला, तो पुढे क्ष/३ = १० यातील ३ पलीकडे नेताना चिन्ह बदलून वजा तीन करतो, आणि आपले काय चुकले हे त्याला सांगूनही कळत नाही.

यानंतर ताळा. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे, जिच्याकडे पुष्कळ चांगले विद्यार्थीही दुर्लक्ष करतात. समजा, एखाद्याने ‘उरलेल्यांपैकी निम्मी’ या शब्दांकडे लक्ष न देता सगळ्या पोत्यांपैकी निम्मी विकली असे धरले; तर त्याचे समीकरण क्ष − क्ष/३ − क्ष/२ − २ = ८ असे होते, त्यावरून क्ष/६ = १० आणि क्ष = ६० हे उत्तर येते. आता त्याने ६० ही संख्या आपल्याच समीकरणात घालून पाहिली, तर ६० − २० − ३० − २ = ८; ताळा बिनचूक जुळतो, आणि तरीही उत्तर साफ चुकीचे आहे. कारण मूळ कथेत ६० घातले की भावाला २० जाऊन ४० उरतात, त्यांतील निम्मी म्हणजे २० विकल्यावर २० उरतात, बियाण्याची दोन गेल्यावर १८ राहतात. आठ राहतच नाहीत. तीस घातले म्हणजे १० गेली, २० उरली, १० विकली, १० उरली, दोन गेली, आठ राहिली. सबब ताळा हा आपण मांडलेल्या समीकरणाशी न पाहता प्रश्नाच्या शब्दांशी पाहावा. समीकरण सोडवण्यातील चूक पहिल्या रीतीनेही सापडते, परंतु समीकरण मांडण्यातील चूक दुसऱ्या रीतीनेच सापडते. आणि माझा अनुभव असा, की मोठ्या चुका मांडण्यातच होतात.

आता खाचराकडे वळू. चार बाजूंच्या वेड्यावाकड्या जमिनीचे क्षेत्रफळ काढण्याची एक जुनी ढोबळ रीत अशी, की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यावी आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावा. ही रीत सोपी आहे, तोंडी करता येते, आणि चुकीची आहे. चारही बाजूंची लांबी कायम ठेवून चौकोन दाबता येतो, तिरका करता येतो, आणि तसे केले की त्याचे क्षेत्रफळ बदलते. तेव्हा केवळ चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हीच गोष्ट विलक्षण तिखट शब्दांत सांगितली आहे: लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहूनही अधिक दोष दिला. हा ग्रंथ ज्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा भाग आहे तो शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० साली, त्यांच्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्ध झाला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून, त्यांचे नातू चंगदेव यांनी त्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे आपल्याला कळते. बांधाच्या कज्ज्यात सापडलेल्या माणसाला आजही उपयोगी पडावे असे हे ज्ञान आपल्याच प्रदेशात आठशे वर्षांपूर्वी पाठशाळेत शिकवले जात होते, याचे स्मरण विद्यार्थ्यांना करून द्यावे.

मग क्षेत्रफळ काढावे कसे? भूमापकांची जुनी शंकू-साखळीची पद्धत हेच करी: समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून सरळ पायारेषा टाकायची, आणि उरलेल्या कोपऱ्यांपासून त्या रेषेवर लंब मोजायचे. आपण अ, ब, क, ड या चार कोपऱ्यांचे खाचर घेऊ. अ पासून क पर्यंतचे अंतर ४० मीटर आहे. त्या रेषेवर ब पासून टाकलेला लंब १५ मीटर आणि दुसऱ्या बाजूने ड पासून टाकलेला लंब १२ मीटर आहे. अक या रेषेने खाचराचे दोन त्रिकोण केले. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, त्याचे निम्मे. म्हणून,

त्रिकोण अबक = ½ × ४० × १५ = ३०० चौरस मीटर
त्रिकोण अडक = ½ × ४० × १२ = २४० चौरस मीटर
एकूण = ५४० चौरस मीटर

एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून सातबाऱ्याच्या भाषेत हे क्षेत्र ५.४ आर झाले. गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, मेट्रिक मापात सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा. तेव्हा हेच क्षेत्र सुमारे ५.३४ गुंठे भरते. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्यामुळे लोक ते एकच समजतात, पण खरेदीखत करताना तसे समजू नये.

आता याच खाचराच्या चार बाजू पाहा. अक या रेषेवर ब चा लंब अ पासून २० मीटरवर आणि ड चा लंब अ पासून ५ मीटरवर पडतो असे धरले, तर पायथागोरसच्या प्रमेयाने अब आणि बक या दोन्ही २५ मीटर, अड १३ मीटर आणि डक ३७ मीटर येते. विद्यार्थ्यांनी हे चारही आकडे स्वतः काढून पाहावेत. ढोबळ रीतीने २५ व ३७ यांची सरासरी ३१, २५ व १३ यांची सरासरी १९, आणि गुणाकार ५८९ चौरस मीटर. खऱ्या क्षेत्राहून ४९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, अधिक! आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने होते: चौकोन काटकोनी असेल तरच उत्तर बरोबर येते, एरवी ते फुगूनच येते. तेव्हा विकणाऱ्याला ही रीत सोयीची आणि घेणाऱ्याला नुकसानीची आहे.

डोंगरी मुलखात आणखी एक सावधगिरी हवी. नकाशावरील क्षेत्र हे सपाटीचे क्षेत्र असते. फीत उताराच्या अंगाला चिकटवून १३ मीटर मोजले आणि त्या अंतरात जमीन ५ मीटर चढली असेल, तर सपाट अंतराचा वर्ग १३² − ५² = १४४, म्हणजे ते अंतर १२ मीटरच भरते. म्हणून मोजताना फीत आडवी, समपातळीत ताणून धरावी आणि उतार मोठा असल्यास अंतराचे लहान लहान तुकडे करावेत.

वर ब चा लंब बरोबर मध्यावर पडला, हे अकस्मात घडलेले नाही, आणि येथे भूमितीतील सिद्धता लिहिण्याची रीत दाखवण्याची चांगली संधी आहे. आकृती पाहून ‘मध्यावर पडलेला दिसतो’ असे लिहिणे म्हणजे सिद्धता नव्हे. आकृती हाताने काढलेली असते आणि ती खोटेही बोलू शकते. लंबाचा पाय म असेल, तर पक्ष असा: अब = कब, आणि बम हा अक वर लंब आहे. साध्य असे: अम = कम. सिद्धता अशी: त्रिकोण बमअ आणि त्रिकोण बमक यांत, म पाशी दोन्ही कोन ९० अंशांचे आहेत, कारण पक्षात लंब दिला आहे; कर्ण अब = कर्ण कब, कारण तेही पक्षात आहे; बम ही बाजू दोन्ही त्रिकोणांत सामाईक आहे; म्हणून कर्णभुजा कसोटीनुसार दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत; आणि एकरूप त्रिकोणांच्या संगत भुजा समान असल्यामुळे अम = कम. पक्षातील दोन्ही गोष्टी कोठे कोठे उपयोगात आल्या ते पाहावे. सिद्धता पूर्ण झाली आणि पक्षातील एखादी गोष्ट वापरलीच गेली नाही, तर बहुधा कोठेतरी आकृतीवर विसंबून आपण पायरी गाळलेली असते.

बीजगणित आणि भूमिती एकत्र कशी नांदतात, हे पाहायचे तर ‘लीलावती’तील वेळूचे उदाहरण घ्यावे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा वेळू उभा आहे. वाऱ्याने तो मध्येच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो जमिनीपासून किती हातांवर मोडला? आकृती काढताच काटकोन त्रिकोण दिसतो. मोडलेल्या जागेची उंची क्ष हात मानू. म्हणजे कललेला तुकडा ३२ − क्ष हात राहिला, आणि तोच या त्रिकोणाचा कर्ण होय. पायथागोरसच्या प्रमेयानुसार,

क्ष² + १६² = (३२ − क्ष)²

या ओळीवर पुष्कळ विद्यार्थी घसरतात. उजवी बाजू ते १०२४ − क्ष² अशी लिहितात. ते चूक आहे हे पटण्यासाठी लहान संख्या घ्याव्यात: (१० − ३)² म्हणजे ४९, आणि १०० − ९ म्हणजे ९१. का चूक आहे, हे मात्र चौरस काढून पाहावे. ३२ बाजूच्या चौरसाच्या दोन लगतच्या कडांवरून क्ष रुंदीच्या पट्ट्या काढल्या, तर प्रत्येक पट्टीचे क्षेत्रफळ ३२क्ष. परंतु कोपऱ्यातला क्ष बाजूचा लहान चौरस दोन्ही पट्ट्यांत आल्यामुळे दोनदा वजा झाला, म्हणून तो एकदा परत मिळवावा लागतो. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की सूत्र विसरले तरी ते पुन्हा काढता येते. आता,

क्ष² + २५६ = १०२४ − ६४क्ष + क्ष²

दोन्ही बाजूंतून क्ष² वजा करून,
२५६ = १०२४ − ६४क्ष

दोन्ही बाजूंत ६४क्ष मिळवून व २५६ वजा करून,
६४क्ष = ७६८

दोन्ही बाजूंना ६४ ने भागून,
क्ष = १२

वर्ग दिसताच घाबरून थांबलेल्याला हे कळत नाही, की पुढच्याच ओळीत तो वर्ग नाहीसा होणार होता. ताळा शब्दांशी: उभा तुकडा १२ हात, कललेला २० हात, दोन्ही मिळून ३२; आणि १४४ + २५६ = ४००, जो २० चा वर्ग आहे.

आणखी दोन चुका नेहमी आढळतात. कंसापूर्वी वजा चिन्ह असले म्हणजे कंसातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, पहिल्याचेच नव्हे. १० − (क्ष − २) म्हणजे १२ − क्ष. आणि क्ष² = ५क्ष यासारख्या समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागण्याचा मोह आवरावा, कारण क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागण्याचा अधिकार कोणालाच नाही; सर्व पदे एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० असे अवयव पाडले, म्हणजे ० आणि ५ ही दोन्ही उत्तरे हाती राहतात.

वहीची व्यवस्था अशी ठेवावी, की पानाच्या उजवीकडे बोटभर रुंदीचा रकाना सोडून त्यात प्रत्येक ओळीचा आधार लिहावा. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटेल, पण दोन प्रकरणे संपेपर्यंत हात त्याला सरावतो. मार्गदर्शक पुस्तकातील उत्तर ताळा जुळल्यावरच उघडावे, आधी नव्हे. शालान्त परीक्षेत गणित भाग १ व भाग २ यांच्या प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या आणि दोन तासांच्या असतात, आणि तेथे पायऱ्यांना गुण मिळतात; शेवटचा आकडा चुकला तरी नीट लिहिलेल्या पायऱ्या वाया जात नाहीत, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. आईबापांनी स्वतःला बीजगणित येत नाही म्हणून मागे सरू नये. ‘ही ओळ कशावरून आली?’ एवढे विचारायला बीजगणित यावे लागत नाही.

वाचकांसाठी ‘लीलावती’तलेच आणखी एक उदाहरण येथे ठेवतो. तळ्यातील कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात आली आहे. वाऱ्याने हळूहळू कलत जाऊन ती मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाण्याची खोली किती? खोली क्ष मानावी, देठाची लांबी क्ष + ½ येते, आणि काटकोन त्रिकोण कोठे आहे तो आकृतीत शोधावा. उत्तर पावणेचार हात आहे. ते येईल तेव्हा ताळा कमळाशी पाहावा, आणि न आल्यास वहीच्या उजव्या रकान्यात आधाराची जागा कोठे रिकामी राहिली आहे, ते प्रथम पाहावे.